रू सोडून उठलेला माणूस

नॉरिस व्हेरेने सासू आपल्याच घरात राहावी म्हणून जिवाचं रान केलं, असं सांगितलं की बाहेरगावचा माणूस आधी हसतो आणि मग हळूच विचारतो, "म्हातारीच्या नावावर काय आहे?" म्हातारीच्या नावावर काही नाही. स्वभावातही फारसा गोडवा नाही. तरी नॉरिसने केलं ते केलं, आणि आमच्या बायू मिनोर गावाला त्याचा अभिमान आहे. गावाला तसा बऱ्याच गोष्टींचा अभिमान आहे, त्यातली ही एक.

ही सासू म्हणजे मिस ओडील टेरियो. आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला, लग्न झालेलं असलं तरी, मानाने 'मिस'च म्हणतात. नवरा गेल्यापासून लेकीकडे राहते. चणीने एवढीशी, पण स्वयंपाकघरात उभी राहिली की दुसऱ्या कोणाला जागा उरत नाही. नॉरिस पुराच्या विम्याच्या कचेरीत काम करतो. घरात पाणी शिरलेल्या माणसाला, त्याला काय काय मिळणार नाही, हे गोड शब्दांत समजावणं हा त्याचा व्यवसाय. असा माणूस बोलण्यात कोणाला हार जात नाही. पण मिस ओडील बोलतच नाही. नॉरिसने काहीही केलं तरी ती बघते आणि "हं" म्हणते. त्या 'हं'चा अर्थ लावण्यात त्याच्या संसाराची उमेदीची वर्षं गेली.

या ईस्टरला मिस ओडीलचा मुलगा रसेल ह्यूस्टनहून आला. दातांचा डॉक्टर आहे. जेवणं झाल्यावर नेहमीप्रमाणे म्हणाला, "ममा, चल आता माझ्याकडे. स्वतंत्र खोली, थंड हवा, कामाला बाई. इकडची काडी तिकडे करावी लागणार नाही तुला. इथे आहे काय? डास आणि चिखल!"

दर ईस्टरला रसेल हे म्हणतो आणि दर ईस्टरला मिस ओडील "वेडा आहेस" म्हणून उठून भांडी घासायला जाते. यंदा ती उठली नाही. कारण भांडी नॉरिसने आधीच घासून टाकली होती. सासूबाईंना आता विश्रांती द्यायची, असं त्याने नव्या वर्षापासून ठरवलेलं होतं. ती रिकाम्या हातांकडे बघत बसली आणि म्हणाली, "बघू."

'बघू'! नॉरिसने हातातलं फडकं खाली ठेवलं. त्याची बायको अर्लीन कॉफी ओतता ओतता थांबली. दोघांनाही एकदम कळलं की घरातून 'हं' गेलं तर घर फार मोठं आणि रिकामं होईल. नॉरिसचं त्या म्हातारीवर प्रेम होतं, ते त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तर तिने काय उत्तर दिलं असतं ते त्याला माहीत होतं.

पण माणसाला जे बोलायचं असतं ते बाजूला राहतं आणि तोंडातून भलतंच बाहेर पडतं. "डास आणि चिखल?" नॉरिस ताडकन उभा राहिला. "व्हेरेंच्या सात पिढ्या या चिखलात ताठ उभ्या राहिल्या, रसेल! येत्या शनिवारी ये तू. बायकोलाही आण. सकाळी गावातली दुकानं बघा, दुपारी तुला माझ्या आजोबांच्या पिरोगबरोबर तोर्तूच्या तळ्यावर नेतो, काठावर मुक्काम करू. गंबोचा रस्सा मी करणार. मिस ओडील फक्त राणीसारख्या बसतील. मग ठरवू दे त्यांना, कुठे राहायचं ते."

"तू पिरोगमध्ये शेवटचा कधी बसलास?" अर्लीनने स्वयंपाकघरात विचारलं.

"ते रक्तात असतं."

"रक्तात असेल. पिरोग मात्र कोंबड्यांच्या खुराड्यावर पालथी आहे."

पिरोग म्हणजे बायूवर, आमच्या दलदलीतल्या संथ ओढ्यावर, चालणारी सायप्रसच्या लाकडाची चपटी, अरुंद होडी. जाणता माणूस ती दवबिंदूवरूनही हाकतो, असं आम्ही अभिमानाने सांगतो. नॉरिसने ती खुराड्यावरून उतरवली, तेव्हा तिच्या तळातून पलीकडचं गवत स्वच्छ दिसत होतं. मग शेजारी जमले. आमच्याकडे कोणी होडी उलटी केली की शेजाऱ्यांना बोलवावं लागत नाही.

ओव्हिद पीत्र हा डाव्या हाताचा शेजारी, जन्मभर कोळंबी धरलेला. तो म्हणाला, "बायूत बुडवून ठेव. लाकूड फुगेल, फटी आपोआप मिटतील. माझा बाप असंच करायचा."

एल्मो शेरामी उजव्या हाताचा. "म्हणूनच तुझा बाप पोहायला इतका चांगला शिकला. नॉरिस, ऐकू नकोस त्याचं. डांबर लाव."

"डांबर लावून होडी जड होते."

"बुडवून काय हलकी होते?"

नॉरिस विम्यातला माणूस. दोन्हीकडून धोका टाळायचा म्हणून त्याने आधी डांबर लावलं आणि मग पिरोग बायूत बुडवली. ती इतक्या मनापासून बुडाली की वर यायला तयार होईना. शेवटी ओव्हिद कमरेइतक्या पाण्यात, एल्मो काठावर दोर घेऊन आणि नॉरिस मधोमध सूचना देत, अशी ती बाहेर निघाली. विजारीची दुर्दशा झाली, पण फटी मिटल्या. श्रेय बुडवण्याचं की डांबराचं यावर दोन्ही शेजारी अजून एकमेकांशी धड बोलत नाहीत. म्हणजे दिवसभर तेच बोलतात.

राहिला परवाना. तळ्याकाठी चूल पेटवायची तर आता सरकारी परवाना लागतो. नॉरिस आणि अर्लीन तळ्याच्या कचेरीत गेले. तिथे पहिल्या खिडकीत वर्ना लेजर बसते. आमच्या बाजूला कुठल्याही खिडकीत काम सांगायच्या आधी आपण कोणाचे ते सांगायची रीत आहे. ते न सांगता थेट कामाचं बोलणारा माणूस उद्धट समजला जातो.

"तू कोणाचा रे?" वर्नाने विचारलं.

नॉरिसला हा प्रश्न फार आवडतो. तो खिडकीवर कोपर टेकून आजोबा आल्सीद व्हेरेंपासून सुरू झाला. पणजोबा झाले, त्यांचा वाहून गेलेला गोठा झाला, आजोबांच्या बहिणी कुठे कुठे दिल्या ते झालं. तिसऱ्या बहिणीपाशी वर्ना एकदम ओरडली, "अगंबाई! म्हणजे आमची क्लोटिल्डआजी तुझ्या आजोबांची बहीण? ती माझ्या आजोबांची दुसरी बायको!" दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं. खिडकीतून हात बाहेर काढून वर्नाने त्याचे गाल ओढले. मग तिने शिक्का उचलून खणात ठेवला आणि खण बंद केला.

"आता नाही देता येत परवाना. नवा नियम आलाय. नातेवाइकाचं काम नातेवाइकाने करायचं नाही. पलीकडच्या खिडकीत जा."

पलीकडच्या खिडकीतल्या माणसाने विचारलं, "कोणाचा तू?" आणि अर्लीन कोटाची बाही ओढत असताना नॉरिसने पुन्हा आजोबांपासून सुरुवात केली. तो माणूस एका मावशीकडून नातेवाईक निघाला. साहेबांच्या खोलीत गेले, तर साहेब म्हणजे नॉरिसच्या धर्मपित्याचा पुतण्या. साहेबांनी मिठी मारली, कॉफी पाजली आणि फार वाईट वाटत असल्याचं सांगितलं. त्या अख्ख्या कचेरीत नॉरिसचं काम करायला कायद्याने मोकळा असा एकही इसम उरला नाही. हे ऐकून खरं म्हणजे त्याची छाती फुगली, पण परवान्याशिवाय चूल पेटत नाही.

"तो नवा आहे ना," साहेबांना आठवलं. "गुस्ताफसन. मिनेसोटाचा."

गुस्ताफसन मागच्या खोलीत एकटा बसून सँडविच खात होता. त्याने नाव विचारलं, व्हेरे या नावाचं स्पेलिंग चुकीचं लिहिलं, शिक्का मारला आणि "शुभ दिवस" म्हणाला. नॉरिस तिथून हलेना.

"मी आल्सीद व्हेरेचा नातू," तो म्हणाला.

"बरं," गुस्ताफसन म्हणाला.

अर्लीनने त्याला ओढून बाहेर आणलं. परवाना खिशात होता, पण गाडीत बसल्यावर नॉरिस तो काढून चुकलेल्या स्पेलिंगवर बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "काही विचारलंच नाही गं त्याने. माणूस मेला तरी न विचारता पुरतील हे लोक."

शनिवारी सकाळी पाहुणे आले. रसेलच्या गाडीच्या टपावर दोन नारिंगी होड्या होत्या, हवा भरून फुगवायच्या. बेडूकही लपेल असा रंग नव्हे तो. शेजारच्या परगण्यातून दिसला असता. त्याची बायको शेली मात्र गावावर खूश झाली. आमच्या मुख्य रस्त्यावर जुन्या वस्तूंची दुकानं आहेत. पूर्वी तिथे नव्या वस्तू मिळत. त्या कोणी घेतल्या नाहीत म्हणून त्या जुन्या झाल्या. शेलीने कंदील घेतला, लोण्याची बरणी घेतली, गलबताचं काहीतरी घेतलं जे कशासाठी असतं ते दुकानदारालाही ठाऊक नव्हतं. आणि शेवटी एक लांबलचक गोष्ट वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आली.

"सायप्रसचं जुनं वल्हं!" तिने कागद सोडला. "दिवाणखान्यात शेकोटीच्या वर लावणार आहे."

नॉरिसने वल्ह्याच्या दांड्यावरचं डागलेलं 'व्ही' अक्षर पाहिलं. मग हळूहळू मान वळवून अर्लीनकडे पाहिलं. अर्लीन आकाशाकडे बघत होती. चर्चच्या मदतफेरीला जुनंपानं द्यायचं म्हणून तिने मागे गॅरेज आवरलं होतं, आणि चर्चने ते दुकानाला विकलं होतं.

"हे माझ्या आजोबांचं वल्हं आहे," नॉरिस म्हणाला. "दुसरं नाही माझ्याकडे. मला आज तळ्यावर जायचंय."

"होतं," शेली म्हणाली. "तुमच्या आजोबांचं *होतं*. आता भिंतीचं आहे. ओलं झालं तर रंग जाईल ना हो त्याचा!"

मोठी बोलणी झाली. अखेर असं ठरलं की नॉरिसने वल्हं वापरावं, पण किनाऱ्याला लागताक्षणी पुसावं. व्हेरे घराण्याचा सातवा पुरुष आजोबांच्या पिरोगमध्ये, मांडीवर फुलाफुलांचा टॉवेल घेऊन, बायूवर अवतरला. काठावर ओव्हिद आणि एल्मो टोप्या काढून उभे होते. आदराने असेल, असं नॉरिसने मानून घेतलं.

बायका गाडीने रस्त्यावरून पुढे गेल्या. पिरोगमध्ये बर्फाची पेटी होती. तिच्यात कोंबडी आणि धुरावलेलं सॉसेज. "गंबोचं सामान पाण्यानेच गेलं पाहिजे," हा नॉरिसचा हट्ट. मागे रसेल एका नारिंगी होडीत, दुसरी तिला बांधलेली. आणि सांगायला हवं, नॉरिसला अजून येत होतं. पहिल्या वळणावर तो जरा झुकला, दुसऱ्यावर सावरला, मग हातांना आपोआप आठवत गेलं. झाडांवरून लोंबणाऱ्या शेवाळाच्या झिरमिळ्यांखालून ऊन पाण्यावर सांडलं होतं, बगळा उठला, आणि रसेल मागून म्हणाला, "छान आहे रे!" नॉरिसने मागे वळून पाहिलं नाही. त्याचं तोंड आनंदाने इतकं पसरलं होतं की ते दाखवणं बरं दिसलं नसतं.

काठाला लागल्यावर रसेल पिरोग बांधायला पुढे झाला. "राहू दे," नॉरिस म्हणाला, "तुला आमची गाठ नाही जमायची." त्याने सायप्रसच्या मुळाला झोकात गाठ मारली.

"कुठली रे ही गाठ?"

असं कोणी विचारलं की नॉरिस विरघळतो. त्याने गाठ सोडून दाखवली. हा फेरा आजोबांचा, हा पीळ त्यांनी तुफानात शोधून काढला, असं सगळं सांगितलं. सांगण्याच्या भरात ती परत मारायची राहिली.

मिस ओडील खुर्चीत बसली होती. नॉरिसने तिच्या पायाखाली पाट दिला, पाठीशी उशी दिली. तिने कांदे पुढे ओढले, तर त्याने कांदे काढून घेतले. तिने सुरी उचलली, तर तीही नेली. "आज तुम्ही बोटसुद्धा हलवायचं नाही, मिस ओडील."

"हं," ती म्हणाली. मग तळ्याकडे बघत लेकीला म्हणाली, "खुर्ची ह्यूस्टनलाही असेल." नॉरिस चुलीशी होता, त्याला ऐकू आलं नाही.

त्याने रू चढवला. आता गंबो खाणाऱ्याला सांगायला नको, न खाणाऱ्यासाठी सांगतो. रू म्हणजे नुसतं पीठ आणि तेल, बिडाच्या पातेल्यात सतत ढवळायचं. पांढऱ्याचा वाळूचा रंग होतो, मग भाजल्या शेंगदाण्याचा, मग विटेचा, आणि शेवटी चॉकलेटचा. गंबोचा जीव त्यात. ढवळणं क्षणभर थांबलं की खाली काळे ठिपके धरतात आणि सगळं बायूत फेकावं लागतं. म्हणून आमच्याकडे रू चढवलेल्या माणसाला हाक मारत नाहीत, घराला आग लागली तरी आधी त्याला रंग विचारतात. आणि एकाने चढवलेल्या रूला दुसरा हात लावत नाही. ज्याचा कालथा त्याचा गंबो. सख्खे भाऊसुद्धा कालथा मागत नाहीत.

शेंगदाण्याचा रंग उत्तम साधला. विटेकडे झुकत होता. नॉरिसने अभिमानाने सासूकडे पाहिलं. ती त्याच्या पलीकडे बघत होती.

"नॉरिस," ती म्हणाली, "तुझी पिरोग चालली."

पिरोग खरंच चालली होती. आजोबांची पिरोग, बर्फाची पेटी घेऊन, कोणाचा निरोप न घेता तळ्याच्या मधल्या अंगाला सरकत होती.

"कोंबडी!" अर्लीन ओरडली.

"वल्हं!" शेली ओरडली.

"मी आणतो!" म्हणून रसेल नारिंगी होडीत उडी मारून निघालासुद्धा.

"रसेल, उजवीकडून!" नॉरिस ढवळत ढवळत ओरडला. "डावीकडे जलपर्णी आहे!" ह्यूस्टनचा माणूस सरळ जवळच्या वाटेने गेला, म्हणजे डावीकडून. हिरव्या गालिच्यात होडी रुतली, खालच्या बुंध्यावर घासली, आणि पादल्यासारखा एक लांब आवाज करत चपटी झाली. रसेल एका तुटक्या खोडावर चढला. खोडाशेजारी जे दुसरं खोड होतं त्याने डोळा उघडला.

मगर लहान होती आणि झोपेत होती. आमच्यापैकी कोणी तिला नमस्कार करून पुढे गेला असता. पण रसेल किंचाळायला लागला आणि चिखलात उतरायच्या बेतात आला. तिथल्या चिखलात माणूस मांडीपर्यंत जातो, आणि मग तो घाबरला तर आणखी खाली जातो.

"हलू नकोस!" नॉरिस ओरडला.

"नॉरिस, जा ना!" अर्लीन म्हणाली. "अजून एक होडी आहे!"

"रू आहे!"

"माझा भाऊ आहे तो!"

"विटेचा रंग आलाय, अर्लीन!"

हे त्याच्या तोंडून निघालं खरं. आमच्यातला कोणीही दुसरं काही बोलला नसता. अर्लीनसुद्धा क्षणभर पातेल्यातला रंग बघायला वाकली. तिने किंवा शेलीने कालथा घेण्याचा प्रश्न नव्हता. अर्लीनचा रू करपतो हे तीच मोकळेपणी सांगते, आणि शेली पाव विकत घेते.

नॉरिसने मिस ओडीलकडे पाहिलं. ती खुर्चीच्या कडेला आली होती, हात मांडीवर, पण उठली नव्हती. उठायचं नाही म्हणून त्यानेच सांगितलं होतं. तिचा मुलगा तिकडे ओरडत होता आणि तरी ती जावयाच्या रूला न मागता हात लावणार नव्हती, कारण तो अपमान झाला असता. म्हातारी त्याची अब्रू राखत बसली होती.

"मिस ओडील," नॉरिस म्हणाला. "कालथा घ्या."

"तुझा रू आहे."

"आता तुमचा. माझ्याच्याने होत नाही. घ्या ना!"

ती उठली. पाट एका बाजूला गेला, उशी दुसऱ्या. कालथा न थांबता त्याच्या हातातून तिच्या हातात गेला. "आधी जाळ कमी कर, गाढवा," ती म्हणाली. "अर्लीन, कांदे इकडे आण. शेली, ती बरणी ठेव खाली आणि मिरच्या चीर. बारीक! आणि तू काय बघतोस? जा, माझा पोरगा आण!" इतक्या दिवसांत 'हं' सोडून तिच्या तोंडून इतके शब्द कोणी ऐकले नव्हते. नॉरिस पळाला.

उरलेल्या नारिंगी होडीत एक व्हेरे बसला, ही नोंद घराण्यात व्हायला नको होती, पण झाली. तो उजवीकडून गेला, मगरीला "सरक गं बाई" म्हणाला, ती सरकली. रसेलला त्याने मागे बसवलं. रसेलने त्याला पाठीमागून अशी मिठी मारली की श्वास घेता येईना, आणि होडी काठोकाठ पाण्यात बसली. त्याच वेळी वळणावरून ओव्हिद आणि एल्मो मोटरच्या बोटीतून आले. ते मासे धरायला आले होते असं ते सांगतात. गळ घरीच विसरले होते. मागे दोराला पिरोग बांधलेली.

एल्मोने ती नारिंगी होडी, ते आलिंगन, सगळं नीट पाहून घेतलं. गावात सांगायला पुरेसं होतं. पण ओव्हिदला चुलीचा धूर दिसला आणि त्याचा चेहरा गंभीर झाला.

"नॉरिस, रू कोणाकडे आहे?"

"मिस ओडीलकडे. मी दिला."

"चढलेला? मधून?"

"विटेच्या रंगावर."

ओव्हिदने टोपी काढली. या वेळी ती आदरानेच काढली, यात शंका नाही.

गंबो झाला तो असा झाला की जो तो वाडगा पुसून पुन्हा पुढे करू लागला. ओव्हिद आणि एल्मो अर्थातच राहिले; वाडग्याला वाडगा लावून शेजारी शेजारी बसले. रसेल वल्ह्याचा फुलाफुलांचा टॉवेल पांघरून होता. दुसऱ्यांदा वाढून घेतल्यावर त्याला जरा धीर आला.

"ममा, आता तरी पटलं ना? बघितलंस काय होतं इथे ते!"

"बघितलं," मिस ओडील म्हणाली. तिच्या नाकाला पीठ लागलं होतं आणि ते सांगायची कोणाची छाती नव्हती. "जानेवारीपासून बघतेय. भांडी हा घासतो. कांदे हा चिरतो. मी काही हातात घेतलं की हा काढून घेतो. मला वाटलं, म्हातारी झाली, यांना नकोशी झाली. नुसतं बसायचंच असेल, तर म्हटलं तुझ्याकडे थंड हवेत बसते."

नॉरिसने चमचा वाडग्यात ठेवला. "नकोशी?" तो म्हणाला. "मिस ओडील, तुम्ही जाऊ नये म्हणून तर... मी तुम्हाला विश्रांती..." जन्मभर लोकांना समजावणाऱ्या माणसाला शब्द सापडेना. डोळे पुसायला त्याने रसेलच्या टॉवेलचं टोक ओढलं.

"हं," मिस ओडील म्हणाली, आणि त्याच्या वाडग्यात आणखी एक पळी ओतली.

जाते की राहते, ते तिने त्या दिवशी सांगितलं नाही. रविवारी चर्च सुटल्यावर सगळं गाव पायऱ्यांवर रेंगाळत होतं. रसेलची गाडी समोर उभी होती, मागचं दार उघडं. नॉरिस त्या दाराकडे बघत नव्हता, म्हणजे तेवढंच बघत होता. वर्ना लेजर गर्दीतून पुढे आली. "मिस ओडील, ऐकलं तुम्ही ह्यूस्टनला निघालात?"

पायऱ्यांवरचे लोक जरा जवळ सरकले.

"कशी जाऊ?" मिस ओडील मोठ्याने म्हणाली. "माझ्या जावयाला रू जमत नाही."

गावाची नजर एकदम नॉरिसकडे वळली. आमच्याकडे एखाद्याला याहून वाईट बोलता येत नाही. त्याचा विटेचा रंग बिनडाग होता, हे ओव्हिदला माहीत होतं, एल्मोला माहीत होतं, आणि सांगायला दोघांनी तोंडही उघडलं होतं. नॉरिसने हात वर करून त्यांना गप्प केलं. आजवर स्वतःच्या रूबद्दल त्याने कोणाचं अर्धं वाक्य ऐकून घेतलेलं नव्हतं. आज त्याचा चेहरा उजळला, आणि उभ्या जन्मात कधी राहिला नसेल इतका ताठ तो उभा राहिला. मागच्यांनाही ऐकू जावं म्हणून तो एक पायरी वर चढला.

"मुळीच जमत नाही," तो म्हणाला.